प्रौढांची धुळाक्षरे
बेने इस्रायलांच्या धर्मशिक्षणाची मराठी वाट

नव्वदच्या दशकातल्या साक्षरता मोहिमेत मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, प्रौढांचा वर्ग चालवत असे. रात्री जेवणे उरकली की कंदिलाच्या उजेडात पाट्या निघत. हिरड्याच्या दिवसांत वर्ग ओस पडे, कारण माणसे दिवसभर रानात राबून आलेली असत. साठी ओलांडलेले एक बाबा पहिले काही आठवडे पाटी पाठीमागे धरून बसत. अक्षर चुकले तर नातू हसेल, ही त्यांना धास्ती. मोठ्या माणसाला अक्षर अवघड जात नाही, ‘मला हे येत नाही’ असे चारचौघांत कबूल करणे अवघड जाते, हे मी तिथे शिकलो. दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात आली. याच बाबांना हरिश्चंद्राचे आणि ध्रुवाचे आख्यान सप्ताहातली कीर्तने ऐकून तोंडपाठ होते. ते निरक्षर होते, अशिक्षित नव्हते.

हे इथे सांगण्याचे कारण असे. पुढे मला जुन्या छापील मराठी पुस्तकांचा नाद लागला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, जुन्नरहून पुण्याला एसटीने जाऊन, ग्रंथालयांत बसून जे वाचता आले तेवढीच माझी शिदोरी. अशाच एका खेपेला रास्ता पेठेतले ‘सुक्कथ शेलोमो’ हे बेने इस्रायलांचे सिनेगॉग पाहायला गेलो. १९२१ साली बांधलेली ही वास्तू बाहेरून साधी आहे. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी एक जुने प्रार्थनेचे पुस्तक हातात दिले. एका बाजूला हिब्रू, समोर मराठी. समासात पेन्सिलीने हिब्रू शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहिलेले. अक्षर लहान मुलाचे नव्हते. मोडी गिरवून तयार झालेल्या कुणा मोठ्या माणसाची ती लपेटीची वळणे होती. पाटी पाठीमागे धरणारे बाबा मला तिथे आठवले.

त्या पेन्सिलीच्या खुणांचा माग काढताना मला एक गोष्ट दिसली, ती या लेखात मांडायची आहे. धर्माचे ज्ञान सहसा आजोबाकडून नातवाकडे जाते. बेने इस्रायलांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकात हा क्रम उलटा झाला. तिथे आधी मोठी माणसे विद्यार्थी झाली. त्यांच्या वर्गाची भाषा मराठी होती, आणि त्यांचा सर्वांत यशस्वी वर्ग शाळेत भरत नव्हता, कीर्तनात भरत होता.

आठवणीत उरलेले

या समाजाची परंपरा अशी : फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. बुडालेल्यांना नवगावात पुरले आणि वाचलेले कुलाब्याच्या गावांत पांगले. राहिले त्या गावाचे नाव त्यांनी लावले, म्हणून दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपुरकर, पेणचे पेणकर. त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. महादेवाच्या वारी घाणा न जुंपणारे सोमवार तेली आपल्याकडे होतेच. तेव्हा शेजाऱ्यांना यात वावगे काही वाटले नाही. कुणाचा सोमवार, तसा यांचा शनिवार.

त्यांच्याजवळ उरले ते मोजकेच, पण पक्के होते. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे निर्बंध, आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मरण असो, ते शेमाच म्हणत. सणही टिकले होते, पण त्यांची हिब्रू नावे जाऊन मराठी नावे आली होती. प्रायश्चित्ताच्या कडक उपवासाचा दिवस, ज्याला जगभरचे ज्यू योम किप्पूर म्हणतात, तो इथे ‘दारफाळणीचा सण’ होता. त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, कुणाला शिवायचे नाही. पुरीम हा ‘होळीचा सण’ होता, कारण तो त्याच सुमारास येतो. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस ‘बिरड्याचा सण’ होता, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खात. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा होई, तो आजही होतो.

या नावांकडे अज्ञान म्हणून पाहणारे होते. मला ती नावे टाचणासारखी वाटतात. ग्रंथ नाही, गुरू नाही, पंचांग नाही, अशा स्थितीत सण विसरू नये म्हणून माणसाने तो आपल्या ऋतूला, आपल्या ताटाला आणि आपल्या दाराला बांधून ठेवला. पुढे शिकवणारे आले तेव्हा ओळख पटली ती या टाचणांमुळेच.

गुरुजी आणि त्यांचे हेतू

पहिला गुरू म्हणून परंपरा दाविद रहाबी याचे नाव घेते. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली, आणि ही माणसे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. त्याने झिराड, राजपुरकर आणि शापुरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केले. त्यांना ‘काजी’ म्हणत. रहाबीचा काळ कुणी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कुणी त्याला अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी समजतात. कथेतला एक तपशील मात्र मला मोलाचा वाटतो. रहाबीने शिकवली ती तीन मोठी माणसे. काजी गावोगाव फिरून लग्ने लावत, तंटे मिटवत. समाजाचे धर्मशिक्षण तीन प्रौढ विद्यार्थ्यांपासून सुरू झाले, असे समाज स्वतःच सांगतो.

इतिहासाच्या पक्क्या जमिनीवर आपण १७९६ मध्ये येतो. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडायचा म्हणून त्यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले, असे सांगितले जाते. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. इमारत झाली, पण आत म्हणायचे काय? पूर्ण प्रार्थना येणारी माणसे हवी होती, ती कोचीनहून आली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत कोचीनचे शिक्षक मुंबईत आणि कुलाब्याच्या गावांत शिकवत होते. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतले आदराने घेतले जाणारे नाव. जरा कल्पना करा : घरात मल्याळम बोलणारे गुरुजी, घाणा किंवा पलटण सोडून आलेले मराठी विद्यार्थी, आणि मध्ये उजवीकडून डावीकडे धावणारी हिब्रू ओळ.

त्याच काळात दुसरे शिक्षकही आले. मायकेल सार्गन हा ख्रिस्ती झालेला कोचीनचा ज्यू. १८२०च्या दशकात त्याने मिशनतर्फे बेने इस्रायलांसाठी शाळा काढल्या. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. सालाकडे नीट पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. छापील मराठी गद्य नुकते पाऊल टाकायला शिकत होते, त्याच वेळी मराठीतून हिब्रू शिकायची सोय झाली होती.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. या लोकांना त्यांचा जुना करार शिकवला की नवा करार ते आपोआप स्वीकारतील, असा हिशेब. तो चुकला. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, बायबलच्या मराठी भाषांतरातून मोशे, दावीद आणि एलिया यांच्या कथा वाचल्या, मुलांना शाळेत धाडले, आणि राहिले होते तिथेच राहिले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. पुढे बगदादी ज्यू मुंबईत सधन झाले. त्यांच्या दातृत्वाने शाळा आणि सिनेगॉगे उभी राहिली. पुण्याच्या लष्कर भागातले ‘ओहेल दाविद’, म्हणजे आपले लाल देऊळ, डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकात उभे केले. पण बगदादींपैकी अनेकांनी बेने इस्रायलांना बरोबरीचे मानले नाही, दफनभूमीतही वेगळेपणा मागितला. म्हणजे प्रत्येक गुरुजीचा स्वतःचा एक हेतू किंवा स्वतःची एक पायरी होती. विद्यार्थ्यांनी अक्षर घेतले, हेतू तिथेच ठेवला. मुलाला हे जमत नाही. मोठ्या माणसाला जमते. प्रौढ विद्यार्थ्याचा हा फायदा शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेला असतो.

पुण्यात छापलेले पुस्तक

शिकवण्याला पुस्तक लागते. वल्हांडणाच्या रात्री घरी बसून जी पोथी वाचतात तिला हग्गादा म्हणतात. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची ती कथा. मराठी भाषांतरासह पहिली हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर निघाली. दुसरी निघाली पुण्यात, १८७४ साली. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी ती सिद्ध केली आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती छापली. याच साली, याच शहरात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात १८७४ हे साल ‘निबंधमाले’साठी पाठ असते. त्याच वर्षी पुण्यात हिब्रू आणि मराठी शेजारीशेजारी छापले गेले, हेही त्या सालाशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

या पोथीतली बरीच चित्रे युरोपातल्या जुन्या हग्गादांवरून घेतलेली आहेत. एका पानावर मात्र बिनखमिराची भाकरी करण्याचे काम दाखवले आहे, आणि तिथल्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. त्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो. मिसरहून निघालेल्या लोकांची कथा वाचताना कोकणातल्या बाईला त्यात स्वतःचे बसणे दिसावे, ही संपादकांची समज होती.

ज्या माणसाने या कामाला आयुष्य दिले ते जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५). ते मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. ज्या बगदादींपैकी अनेक जण बेने इस्रायलांना बरोबरीचे मानत नव्हते, त्यांच्याच शाळेत एक बेने इस्रायल मुख्याध्यापक होता. राजपुरकरांनी सणावारांच्या आणि उपवासांच्या प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. मुलाला अर्थ न कळता पाठांतर चालते. चाळिशीच्या कारकुनाला आणि पलटणीतल्या सुभेदाराला आपण देवापुढे काय म्हणतो हे कळायला हवे असते. राजपुरकरांची भाषांतरे या वाचकासाठी आहेत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली, तीच आजची सर एली कदूरी शाळा. समाजाचा इतिहासही त्यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला तेल अवीवमध्ये, १९३७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. हस्तलिखित चाळीस वर्षे थांबले. स्वतंत्रपणे संशोधन करणाऱ्याला हा आकडा धीर देतो आणि धाकही घालतो.

टाळ तोच, कथा वेगळी

पुस्तके झाली, पण वाचता न येणाऱ्यांचे काय? बायकांचे काय? याचे उत्तर समाजाने आपल्या शेजारी शोधले. १८८० मध्ये मुंबईत ‘कीर्तनोत्तेजक इस्रायल मंडळ’ निघाले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या चळवळीतले ठळक नाव. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर, एलिया यांची चरित्रे आख्यानांच्या रूपाने रचली गेली, छापली गेली आणि हार्मोनियम-तबल्याच्या साथीने सादर झाली.

मी जुन्नर तालुक्यातला. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला आहे, त्या परिसरात सप्ताह ऐकत मी वाढलो. त्यामुळे ही आख्याने वाचताना घडण लगेच ओळखू आली. वारकरी कीर्तन अभंगाभोवती फिरते. बेने इस्रायलांनी धरला तो नारदीय कीर्तनाचा, कथा रंगवून सांगण्याचा बाज. मध्ये गद्य निरूपण, मग साकी, मग दिंडी, प्रसंग चढला की कटाव, करुण जागी ओवी. कथा मात्र अब्राहाम आपल्या मुलाला बलिदानासाठी डोंगरावर नेतो त्याची. आपल्याकडचा श्रोता इथे चिलया बाळ आठवेल. बेने इस्रायल श्रोत्याने चिलया बाळाचे आख्यानही शेजारच्या आळीत ऐकलेले असणारच. रडायचे कुठे, श्वास रोखायचा कुठे, हे त्याला आधीच ठाऊक होते. नवी होती ती फक्त कथा, आणि ती त्याच्या स्वतःच्या पूर्वजांची होती.

हा वर्ग चालला याची कारणे माझ्या कंदिलाच्या उजेडातल्या वर्गाने मला आधीच शिकवली होती. इथे कुणाला पाटी लपवावी लागत नाही. कुणाची परीक्षा नसते. आजी, सून आणि नात एका ओळीत बसतात. कीर्तनकार श्रोत्याला अडाणी धरत नाही, रसिक धरतो. आणि सिनेगॉगात स्त्रिया वेगळ्या बसत, हिब्रूचे वाचन पुरुषांकडे असे. कीर्तनात मात्र सगळे ज्ञान मराठीत, बायकांच्या समोर, त्यांच्या कानांपर्यंत येई. पुढे स्त्रियांनीच ही कीर्तने जपली, हे ओघाने आलेच.

हे अनुकरण होते, उसने घेणे होते, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कीर्तन ही मराठी माणसाची मोठ्यांना शिकवण्याची जुनी रीत आहे. बेने इस्रायल मराठी होते म्हणून त्यांनी ती वापरली. ख्रिस्ती मराठी समाजातही कीर्तने झालीच. रीत कुणा एका देवाची मालमत्ता नसते.

स्त्रियांचा वाटा

विसाव्या शतकात शिकवणाऱ्यांच्या जागी स्त्रिया दिसू लागतात. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिबेका रूबेन १९०५ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आल्या. पुढे अनेक वर्षे त्या समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरूशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञ, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख, १९६६ च्या पद्मश्री. लंडनच्या शिक्षणकाळात त्यांनी तिथला उदारमतवादी ज्यू पंथ पाहिला आणि १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ सुरू केली. म्हणतो त्याचा अर्थ कळावा, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे, हा तिचा आग्रह. जुन्या मंडळींना हे रुचले नाही, आणि संख्येने ही शाखा लहानच राहिली. पण ‘मोठ्या माणसाला अर्थ हवा’ हा राजपुरकरांचाच धागा तिथे पुढे चाललेला दिसतो.

आजोबांची परीक्षा, नातवाला निकाल

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या आरंभी एक कठीण प्रसंग उभा राहिला. धर्मपीठाने त्यांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. शंका अशी : ज्या शतकांत या लोकांना घटस्फोटाचे आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे धर्मशास्त्र ठाऊक नव्हते, त्या शतकांतली लग्ने शास्त्रशुद्ध कशी मानायची? म्हणजे आजोबाच्या आजोबाला जे कुणी शिकवलेच नव्हते, त्याची परीक्षा नातवाच्या लग्नात घेतली जात होती. माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत.

ठराव झाला, पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. शिकलेला कोण? ज्याला अखंड परंपरेतून आयते मिळाले तो, की ज्याने चाळिशीत पहिले अक्षर गिरवून ते मिळवले तो? माझे उत्तर काय असणार हे उघड आहे. मी स्वतः बाहेरून, उशिरा आणि चुकतमाकत शिकलेला माणूस आहे. म्हणून हा पक्षपात मी वाचकांपासून लपवत नाही. पण धर्मशास्त्राची बाजूही समजून घ्यायला हवी. नियम ठाऊक नसणे आणि नियम नसणे यांत फरक असतो, आणि तो फरक बेने इस्रायलांनीच आधी ओळखला होता. नाहीतर त्यांनी कोचीनचे गुरुजी बोलावले कशाला असते?

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात; कोकणातल्या अनेक सिनेगॉगांत एरवीच्या शनिवारी तेवढे जमत नाहीत. मोठ्यांसाठी वर्ग आजही भरतात, पण आता शिकवण्याची भाषा बहुधा इंग्रजी असते. मराठी कीर्तने ऐकणारे लोद, दिमोना, अशदोदमध्येही आहेत, आणि तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. पण घराघरांतल्या कीर्तनाच्या वह्या आणि जुनी प्रार्थनापुस्तके घर बदलताना रद्दीत जातात. अशा वहीत फक्त एका समाजाचा धर्म नसतो. मराठी भाषा मोठ्या माणसाला किती आदराने शिकवू शकते, याचा तो पुरावा असतो. कुणाच्या माळ्यावर असे काही असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला जरूर विचारावे.

वल्हांडणाच्या रात्री घरातल्या लहानाने प्रश्न विचारायचे आणि मोठ्याने कथा सांगायची, असा शिरस्ता आहे. तालमुदात त्याला एक जोड आहे. मूल नसेल तर पत्नीने विचारावे. दोघे पंडित असतील आणि दोघांनाही सगळे ठाऊक असेल, तरी त्यांनी एकमेकांना विचारावे. माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे. प्रश्न विचारण्यातून वयाने कुणाची सुटका होत नाही. आमच्या वर्गातल्या बाबांनी एके रात्री पाटी पुढे घेतली आणि विचारले, “गुरुजी, ह्ये माझंच नाव हाय का?” त्यांचेच होते. रास्ता पेठेतल्या त्या पुस्तकाच्या समासात, पेन्सिलीच्या एका शब्दापुढे कुणीतरी असेच एक लहानसे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.